व्हर्नाला दिलेली सकाळ

वॉसॉ, विस्कॉन्सिन

प्रिय आई,

तू विणलेली टोपी रोज घालतो, जेवणही वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

निवडणुकीत हे राज्य थोडक्या मतांनी फिरतं, म्हणून तर पुरोगाम्यांचं नवं रेडिओ केंद्र काढायला मला शिकागोहून इथे धाडलं. जोडीला इथलीच व्हर्ना घेतली. जन्मभर गाई पाळलेली बाई, माइकसमोर कधी बसलेली नव्हती.

काल मी रेडिओवर गावातलं इस्पितळ का बंद पडलं ते सांगत होतो. तेवढ्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोन आला. नेहमी समोरच्या पक्षाला मत देणारा.

"अहो शिकागोवाले, तुम्ही जरा गप्प बसा. व्हर्नाबाईंना बोलू द्या."

वीस मिनिटं दोघं बोलले. शेवटी तो म्हणाला, "पटलं बाई तुमचं. शेजाऱ्यालाही ऐकायला लावतो."

माझा नुसता जळफळाट झाला. पंधरा वर्षं मी हेच घसा फोडून सांगतोय! तरी आज माझा रोजचा सकाळचा कार्यक्रम मीच तिला देऊन टाकला. इथली माणसं तिचंच ऐकतात, काय करणार?

तुझ्या फोनवरही तो ऐकू येईल. पण आई, तू लावू नकोस, नाहीतर तूही तिचंच ऐकायला लागशील.

तुझाच,
रोलंड