आपल्या तळ्याला औषध मारलं

बाई, आपल्या तळ्यात शेवटी औषध मारलं. गावात तुम्हाला ओळखणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी राहिलीत, आणि त्यांच्यातल्या कुणाला हे तुमच्या कानावर घालावंसं वाटेल असं नाही, म्हणून मी लिहायला बसले. शाळेला लागून ज्या खोलीत तुम्ही भाड्यानं राहायच्या तिथं मोबाइलचं दुकान झालंय. मी शहरात, गारखेड्यात असते, नोकरीतून मोकळी झाले, गुडघे कुरकुरतात. तरी गेल्या दिवाळीपासून दर रविवारी सिल्लोडची बस धरून गावाकडं जात होते. तळं काढायला. तुम्ही तसंच म्हणायच्या, विहिरीतला गाळ काढावा तसं, "चला गं, तळं काढू."

तुम्ही पहिल्यांदा पाण्यात उतरलात तो दिवस मला अजून दिसतो. शनिवारची सकाळची शाळा सुटलीय. आम्ही पोरी बांधावर उभ्या, आणि तुम्ही पदर खोचून, चपला काठावर काढून, हिरव्या तवंगात गुडघ्यापर्यंत गेलात. हातात दोरी, दोरीच्या टोकाला बाभळीची काटेरी फांदी. ती तुम्ही लांब फेकली आणि हळूहळू ओढत आणली, तर तिच्याभोवती शेवाळ ओल्या लोकरीसारखं गुंडाळून आलं. आम्ही हसलो. तेवढ्यात माझे आजोबा बैल पाजायला आले. तुम्ही कुठल्या वस्तीतल्या हे साऱ्या गावाला माहीत होतं. ते म्हणाले, "तळं बाटवलं मास्तरणीनं." मला वाटलं, तुम्ही बाहेर याल. तुम्ही मागं वळूनही पाहिलं नाही. फांदी सोडवत म्हणालात, "बाटवलं तं शेवाळानं, काका. मी धुऊन देतीय." आणि पुन्हा दोरी फेकली. आजोबांनी त्या दिवशी बैल न पाजताच वळवले. पुढच्या शनिवारी मात्र आणले. तहान बैलांना लागत होती, आजोबांना नाही.

मी काढलेलं पाणगवत काठावरच टाकलं म्हणून तुम्ही मला साऱ्यांसमोर झापलं होतं. "वाऱ्यानं ते परत पाण्यात जाईल. तू काढलं का नुसतं हलवलं?" मी रडकुंडीला आले. मग तुम्हीच माझ्या हातातली पाटी धरलीत आणि आपण दोघींनी ते ओझं बांधापलीकडच्या खड्ड्यात नेऊन ओतलं. त्या दुपारी आम्हा दोघी-तिघींना तुम्ही खोलीवर नेलं. चुलीपुढं बसून भाकरी थापत होतात, पाट्यावर ठेचा वाटलेला होता. मी ताटाला हात लावणार, तर तुम्ही विचारलं, "घरी सांगून आलीस का, माझ्याकडं जेवणार म्हणून?"

"नाय."

"मग आधी सांगून ये. चोरून जेवायचं नाही माझ्या घरी."

मी पळत घरी गेले, सांगितलं. आईनं कपाळाला हात लावला, आजोबांनी थोबाडीत दिली. गाल चोळत मी तशीच परत आले. ताटावर झाकलेलं ताट उचललंत, भाकरी पुन्हा तव्यावर टाकून गरम केलीत. त्या भाकरीची चव आता आठवत नाही. तुम्ही माझ्या गालाकडं बघायचं टाळत होतात, तेवढं आठवतं.

त्या काळात तळं खरंच स्वच्छ झालं, कारण तुम्ही नुसतं शेवाळ ओढत बसला नाहीत. घरोघर जाऊन बायकांना धुण्याचे दगड तळ्यापासून लांब न्यायला लावलेत, साबणाचं पाणी केळींना सोडलंत. खायलाच मिळेना तर शेवाळ वाढेल कशावर, असं म्हणायच्या. तळ्यात गवत खाणारे मासे सोडले तेव्हा माझ्या वर्गातली भोयांची पोर सगळ्यांत पुढं होती. त्यांच्या घरचं पोट त्या माशांवर होतं. ती अजून गावातच आहे, अजून मासे धरते. खरं तर, धरत होती.

आता गावात घरोघरी नळ आले, न्हाणीघरं झाली, आणि सिमेंटच्या साऱ्या नाल्या उतारानं थेट तळ्यात सोडल्या. शेवाळाचं सोडा, जलपर्णीनं पाणीच दिसेनासं झालं. मी, भोयांची ती आणि आणखी चार बायका, आम्ही तुमच्यासारखंच सुरू केलं. जाड दोर दोन्ही काठांनी धरून जलपर्णी कोपऱ्यात ओढायची, जांभळी फुलं यायच्या आत मुळासकट उपसायची, लांब खड्ड्यात कुजवायची. एका रविवारी मोकळा केलेला कोपरा तिसऱ्या रविवारी भरलेला असायचा. बायका एकेक करून गळाल्या. शेवटी दोर धरायला आम्ही दोघीच. एकदा दम खात बसलो असताना मी म्हणाले, "बाई असत्या तं?" ती म्हणाली, "असत्या तं त्याबी दमल्या असत्या." मला तिचा राग आला. मी दोर पुन्हा उचलला.

मग गावसभा झाली. सरपंच माझ्या चुलतभावाचा मुलगा आहे, मनानं वाईट नाही. म्हणाला, "आत्या, तुमी रविवारी येता अन् जाता. डास आमाला चावतेत. एका फवारणीत काम होतंय." मी म्हणाले, आधी नाल्या वळवा, सांडपाणी जिरवायला शोषखड्डे करा, तोवर काहीही मारलं तरी ते परत येणार. आणि औषधानं मेलेली झाडं पाण्यातच कुजली तर मासे गुदमरतील. तो म्हणाला, "खड्ड्याला जागा कोण देतंय? उताराला तुमचंच रान हाय." ते रान माझ्या भावाच्या नावावर आहे. मी भावाकडं पाहिलं. तो खाली बघत राहिला. सभा तिथंच संपली, बाई. पुढं माणसं बोलत होती, पण संपली होती.

फवारणीनंतर जलपर्णी आधी पिवळी पडली, मग तपकिरी, मग हळूहळू तळाशी बसली. वास बांधापलीकडं, शाळेपर्यंत येत होता. मग मासे वर आले, पांढरी पोटं वर करून, काठाला लागून. भोयांची ती पाटीत भरत होती, विकायला नव्हे, पुरायला. मी हात लावायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुजी बस जाईल." सध्या ती फर्दापूरला एका हॉटेलात भांडी घासायला जाते. नालीच्या तोंडाशी नखाएवढी हिरवी पानं पुन्हा दिसायला लागलीत म्हणे. पुढच्या वर्षी परत औषध मारतील, त्याच्या पुढच्या वर्षीही. मी आता जाणार नाही.

तुम्हीच राहिला नाहीत, हे लिहून मी कुठं टाकणार आहे? उद्या सकाळी वाचलं तर माझं मलाच नको होईल. पण एक राहिलं. मासे पुरून झाल्यावर, वास ओसरल्यावर मी शेवटची गेले होते. बांधावर चढले, तर या काठापासून त्या काठापर्यंत नुसतं पाणी. एक पान नाही. त्यात आभाळ उतरलेलं. खाली काही जिवंत नाही हे मला ठाऊक होतं. तरी मी बराच वेळ उभी राहिले, आणि मला ते आवडलं, बाई. फार आवडलं.