मोटारीवरील अतिक्रमण क्रमांक ४१

प्रति,
मेहेरबान खास अंमलदार साहेब,
रस्ता-रुंदी कामगिरी,
मुक्काम भोर.

अर्जदार : डॉ. केशव अनंत घाटे, एल्.सी.पी.एस्., दवाखाना भोर.

विषय : माझ्या मोटारीच्या दारावरील सरकारी पांढऱ्या आकड्याबाबत, व त्याच रंगाने हिर्डोशीस एका घरावर घातलेल्या आकड्याबाबत.

संदर्भ : माझे अर्ज ता. ५, १२ व १९ फेब्रुवारी १९३८. आपले उत्तर ता. २३ फेब्रुवारी : "विचार चालू आहे."

महोदय,

हा माझा चौथा अर्ज. पहिले तीन मी शांतपणे लिहिले होते. हा तसा जमेल याची हमी देत नाही, क्षमा असावी.

१. ता. ३ फेब्रुवारी रोजी हिर्डोशीस एका म्हाताऱ्याचा निखळलेला हात बसवण्यासाठी गेलो होतो. गावाच्या अलीकडे चाकातली हवा गेली, म्हणून मोटार कडेच्या आंब्याखाली उभी करून पुढे पायी गेलो. दोन तासांनी येऊन पाहतो तो डाव्या दारावर हातभर पांढरा पट्टा आणि त्याखाली आकडा ४१. आपले मुकादम रखमाजी पुढच्या घरांवर आकडे घालीत होते. त्यांना जाब विचारला, तेव्हा त्यांनी खिशातून हुकूम काढून दाखवला : रस्त्याच्या मध्यापासून बारा फुटांच्या आत जे जे उभे असेल त्यास क्रमांक द्यावा. मोटार उभी होती हे मला कबूल करावे लागले. माणूस प्रामाणिक आहे, माझा त्याच्यावर राग नाही. आंब्याचा क्रमांक ४० आहे.

२. मला नोटीस आली की "सदर बांधकाम" ता. १० मार्चच्या आत पाडावे, आणि तोवर आकडा पुसल्यास खटला भरला जाईल. मी कचेरीत गेलो. कारकुनांनी सांगितले, बांधकाम हटवल्याखेरीज आकडा पुसता येत नाही. मी म्हणालो, हटवले आहे, खाली आपल्याच दाराशी उभे आहे, खिडकीतून पाहा. त्यांनी पाहिले. म्हणाले, पंचांसमक्ष हटवलेले नाही. शिवाय नोंदवहीत चाळिसानंतर एकदम बेचाळीस कसा येणार? त्यावर मी जे बोललो ते अर्जात लिहिण्याजोगे नाही.

३. दरम्यान रंग वाळून दगड होत चालला. परवानगी मिळताच कामाला लागावे म्हणून मी चौकशी करून ठेवली. कापूरहोळचे मानसिंग मिस्त्री म्हणाले, नुसत्या घासलेटाला तो दाद देणार नाही, आणि टर्पेंटाइन लावाल तर पांढऱ्याबरोबर खालचा काळाही उतरेल. माझा कंपाउंडर कोंडिबा याने मला न विचारता एका कोपऱ्यावर विटेची पूड घासली. पांढरा जागच्या जागी राहिला, शेजारचा काळा गेला आणि पत्रा दिसू लागला. हा गुन्हा होत असल्यास तो पुरीएवढ्या जागेपुरता आहे.

४. इथवर सारे हसण्यावारी नेता आले असते. भोरात पोरे मला "एक्केचाळीस" म्हणू लागली होती, तेही चालले असते. पण साहेब, हिर्डोशीस त्याच दिवशी, त्याच डब्यातला रंग आठ घरांवर लागला आहे; पाडण्याची मुदतही तीच, १० मार्च. त्यांतले क्रमांक ५४ हे सोनबाचे घर. सोनबाची बायको साळूबाई हिचे दिवस भरत आले होते. पाय सुजलेले, डोके सारखे दुखे, डोळ्यांपुढे अंधारी येई. अशा बाईला पुढे झटके येतात आणि आई व मूल दोन्ही हातचे जातात. तिला भोरास आणणे जरूर होते आणि चालत आणणे अशक्य. मी मोटार घेऊन दोनदा गेलो, दोनदा दार बंद झाले. गावात बोलवा उठली होती की आकड्याच्या गाडीत जो बसला त्याने आपले घर सोडल्याची कबुली दिली. दुसऱ्या खेपेस मी आकड्यावर गोणपाट बांधून गेलो. मग तर डॉक्टर काहीतरी लपवतो आहे, याची त्यांना खात्रीच पटली.

५. ता. २५ रोजी तिसऱ्यांदा गेलो. साळूबाई पडवीत पडून होती, तिला माझा चेहरा नीट दिसत नव्हता. मी सोनबाचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. तो रडत होता, पण म्हणाला, "त्या गाडीत न्हाई बसवायची." मी दारावरचा आकडा चाकूने खरवडायला धावलो. तेव्हा त्याची आई फुलाबाई, जी गावची सुईणही आहे, लोण्याची वाटी घेऊन बाहेर आली आणि तिने माझा हात धरला.

"डाक्टर, खपली कुनी खरवडून काढतं व्हय? भिजू द्याची, मग आपसूक सुटती."

हे मला पुण्यात तीन वर्षे शिकवले होते. तिने आकड्यावर लोणी थापले, वर जुन्या लुगड्याची चिंधी अंथरली आणि उन्हात तसेच राहू दिले. मी घड्याळ काढून येरझारा घालीत होतो. ती मला बस म्हणाली, मी बसलो नाही. तासाभराने तिने बोटाला चिंधी गुंडाळून कडेकडेने चोळायला घेतले. रंगाच्या वळ्या निघू लागल्या. पुन्हा लोणी, पुन्हा चिंधी. दोन तासांत आकडा गेला आणि खालचा काळा रंग जसाच्या तसा राहिला. मी दर रविवारी दाराला मेण चोळतो, म्हणून पकड कच्ची राहिली असावी, असे मानसिंग मिस्त्री आता म्हणतात. परवानगी नव्हती. मी अडवले नाही. खटला भरायचा तर माझ्यावर भरावा, फुलाबाईवर नव्हे.

६. साळूबाई त्याच गाडीतून भोरास आली. वाटेत एकदा झटका आला. दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

७. निघताना फुलाबाईने मला विचारले, "आता आमच्या दारावरला आकडा कवा काढायचा?" परवाच्या रविवारी पुन्हा गेलो, सोनबाचाच दोर घेतला आणि रस्त्याच्या मध्यापासून त्याच्या उंबऱ्यापर्यंत दोनदा मोजले. सतरा फूट भरले. मुकादमांनी दोर कोठून धरला होता मला ठाऊक नाही. घर जागचे हललेले नाही, माझ्या मोटारीप्रमाणे ते हलवताही येत नाही. वाटीत लोणी उरले होते. फुलाबाईने ते हुकमाची वाट पाहत झाकून ठेवले आहे.

८. परवा १० तारीख. साळूबाईस आणि तिच्या अकरा दिवसांच्या मुलीस मी उद्या सकाळी घरी पोचवणार आहे. मोटार स्वच्छ आहे आणि साळूबाई बसायला तयार आहे. कोणत्या घरी सोडू, तेवढे आज दिवेलागणीपूर्वी कळवावे.

आपल्या उत्तरासाठी दवाखान्याच्या ओट्यावर थांबलेला,
के. अ. घाटे
भोर, ता. ८ मार्च १९३८

सोबत :
(१) नोटीस क्र. ४१, अस्सल.
(२) पुडी एक : दारावरून निघालेला पांढरा रंग. सरकारचा सरकारास परत.
(३) दोर एक, सतरा फुटांवर गाठ मारलेला. साहेबांनी स्वतः मोजून पाहावे.