आईच्या कपाटावरचा कोलम

कुंभकोणम्, शनिवार संध्याकाळ

अजून विश्वास बसत नाही. आईच्या जुन्या लाकडी कपाटाला सकाळी निळा रंग दिला होता. वाळल्यावर दारांवर छाप्यानं कमळं उठवणार होते. आई खुर्चीतून बघत होती. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिचा उजवा हात उचलतच नाही.

एकदम म्हणाली, "ब्रश मला दे गे."

डाव्या हातानं? कपाट बिघडलं तर बिघडलं म्हणून दिला. तिनं पांढरे ठिपके मांडले आणि त्यांच्याभोवती सावकाश कोलम, इकडची ठिपक्यांची रांगोळी, फिरवला. रेघ कुठेच थरथरली नाही. तो डावा हात! मी बघतच राहिले.

"आई, हे कधी शिकलीस?"

"तू कामाला गेलीस की टेबलावर पाण्यानं काढते. तू येईतो वाळून जातं."