चौथा दाणा

संगमनेर,
माघ शु. ५, शके १८९४ / ८ फेब्रुवारी १९७३

ती. सौ. आक्काला बापूचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक. पाऊसच झाला नाही, तेव्हा आंघोळ दोन तांब्यांत उरकते आणि तेही पाणी अंगणातल्या वाटाण्यांना जातं. हसू नकोस. संस्कृतचा मास्तर वाटाणे पेरतो, याला आमच्या शाळेतले विज्ञानाचे गिदोनसर जबाबदार.

गेल्या हिवाळ्यात आम्ही गोल दाण्याच्या झाडाचं सुरकुतल्या दाण्याच्या झाडाशी लग्न लावलं. कळी उमलायच्या आत चिमट्यानं केसर काढायचे आणि दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. मुहूर्त पाहिला नव्हता, तरी शेंगा भरल्या. दाणे सगळे गोल! मी म्हटलं, "सुरकुती मेली."

"मेली नाही, शास्त्रीबुवा, गप्प बसलीय. हेच दाणे पेरा, पुढच्या वर्षी चारांत एक सुरकुतलेला निघेल." एवढं बोलून सरांनी ते भाकीत कागदावर लिहून माझ्याच पंचांगात ठेवलं.

काल वाळलेल्या शेंगा सोलल्या. मालननं दाणे मोजले. गोल चारशे सात, सुरकुतलेले एकशे एकतीस. त्याच पंचांगानं यंदा पावसाचं काय सांगितलं होतं, ते तुला ठाऊकच आहे.

प्रत्येक दाण्यात दोन वाटे असतात म्हणे, एक आईचा, एक बापाचा. गोलाचा वाटा बोलतो, सुरकुतीचा नुसता ऐकत बसतो. दोन्ही वाटे सुरकुतीचे पडले, तरच ती दिसते. एकट्या आईकडून ती येतच नाही.

हे ऐकून मालन थांबली. मांडीवर तिची लेक होती. पांढुरके केस, पांढऱ्या पापण्या, उजेडात डोळे मिटून घेणारी.

"बाबा, आपल्यात असं कुणी होतं का हो?"

मी "नाही" म्हणालो. हे पत्र त्या "नाही"पायी लिहितोय.

आक्का, तिसगावहून तू लिहिलंस, की हा दोष मालनच्या आईच्या माहेरचा. पोर तीन महिन्यांची झाली. तू तिला पाहायला आली नाहीस, सुनेला न्यायला कुणाला धाडलं नाहीस. पण साळूआत्या आठव. पाहुणे यायचे त्या दिवशी आपण दोघंच तिला मागच्या दारानं देवळात नेऊन बसवायचो. तुला पाहायला आले तेव्हाही. "बसते गं मी, सावली आहे," म्हणाली होती. तुझ्या सासरी अजून तिचं नावही माहीत नाही. मग मीच हौसेनं मालन तुझ्या राधाकृष्णाला दिली. मामाची मुलगी, घरातली घरात! एक गप्प वाटा माझ्याकडून गेला, दुसरा तुझ्याकडून आला.

मालनला आज खरं सांगितलं. ती रागावली नाही, याचंच वाईट वाटलं. तुझ्या घरी तू सांग.

सोबत एकाच शेंगेतले चार दाणे पाठवतोय. चौथा टाकू नकोस.

बारसं अजून अडलंय. मालननं नाव ठरवलंय, साळू. ते पोरीच्या कानात सांगायला तू ये.

तुझ्याच शेंगेतला,
बापू