दादाच्या रक्ताचा निकाल

५ मार्च
दादाचं रक्त अव्वल निघालं! फुलांच्या हरितगृहात तो कीटकनाशक फवारतो, म्हणून आमच्या प्रयोगशाळेत त्याचा नमुना मीच लावला होता. रक्तातलं अल्ब्युमिन हे विष फोडतं — पण रडतखडत. ते फुटलं की नळी निळी होते. दादाच्या नळीत भराभर फुटलं, निळा रंग बघता बघता चढला. लगेच फोन केला. "म्हणजे मी विष पचवणारा!" कितीतरी दिवसांनी हसला.

९ मार्च
दादाकडे जेवायला. वहिनी कुरकुरत होती — हल्ली यांचा मास्क खुंटीलाच असतो म्हणून. "घरात शास्त्रज्ञ बहीण असताना तोंडाला मुसकं कशाला बांधू?" मी चिडले, मास्क लावायचाच म्हटलं. त्याने हसण्यावारी नेलं.

१२ मार्च
पायाखालची जमीन सरकली.

आमच्याकडे रक्ताशिवायची कोरी नळी सकाळी एकदाच लावतात. तिचा आकडा दिवसभर सगळ्यांतून वजा करायचा, ही पद्धत. दादाच्या चाचणीच्या दिवशी, ज्यात रक्त आणि विष मिसळतो त्या द्रावणाची बाटली दुपारी संपली. दादाची नळी नव्या बाटलीतली — आणि ती बाटली जास्तच अल्कधर्मी झालेली. तशा द्रावणात हे विष आपोआप फुटतं. आज त्याच बाटलीची कोरी नळी लावून पाहिली. तीही तितकीच निळी. रक्ताचा थेंब नसताना!

१३ मार्च
सगळं पुन्हा केलं. दादाचं रक्त चारचौघांसारखंच. एका फवारणीचं विष फोडून होईपर्यंत दुसरी अंगावर. कुठल्या तोंडाने सांगू?

१४ मार्च
सांगितलं. हरितगृहाच्या दाराशी, पंप त्याच्या पाठीवर. सगळं शांतपणे ऐकलं त्याने. मग म्हणाला, "तेव्हा पण तू असंच खात्रीने बोलत होतीस." त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, हात थरथरत होते — विषाचीच लक्षणं. "उगाच घाबरतेस, छोटे." मास्क नाहीच.

मुकादमाला गाठलं. त्याने आता दादाला जादा पाळ्या दिल्यात. "त्यांना काही होत नाही, असं तुम्हीच त्यांना सांगितलंत ना, मॅडम?"

१५ मार्च
कामावर गेले नाही. नुसती पडून राहिले. माझी मलाच किळस येते.

१७ मार्च
भाचीचा फोन. केवढी आनंदात! "आत्या, मला बाबांच्या शेडवर घेतलं. फवारणीवरच. बाबा म्हणाले, रक्त आपलंच आहे, तुला काय होतंय!" मागे पंप चालू होता.