ताईच्या तोंडी 'कृपया'

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात). तुझी कंबर कशी आहे? आणि भावजींचं घोरणं? इकडे सगळे मजेत, एक मी सोडून.

तू मागे विचारलं होतंस, बँकेत कॉम्प्युटरवरचे चोर पकडण्यात जन्म घालवलेला माणूस आता नव्या कंपन्यांत दुसऱ्यांचे पैसे गुंतवतो, म्हणजे करतो तरी काय. अगं, तेच करतो! सगळ्यांवर संशय घेतो, फक्त आता समोरचे चहा पाजतात. "आमची सिस्टीम शंभर टक्के सुरक्षित आहे," असं कुणी म्हणालं की मी चष्मा काढून ठेवतो. घोळ सगळ्यांच्याच हातून होतात गं. पण लगेच येऊन "साहेब, माझ्याकडून झालं" म्हणणारं माणूस लाखात एक. बँकेत मी एवढंच शिकलो, आणि पैसे लावायचे ते अशाच माणसावर. म्हणून भेटीआधी प्रत्येकाला एक खोटी मेल पाठवतो. फसतात बहुतेक सगळेच. मला बघायचं असतं, आपणहून सांगतं कोण.

तर गेल्या आठवड्यात आमच्याकडे आली तुझी बबडी, तिच्या कंपनीसाठी पैसे मागायला. (मामा म्हणून मी मत देणार नाही, हे साहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं. सापळ्याला मात्र कुणी मनाई केली नव्हती.) बाकीच्यांना कुरिअरच्या नावाने मेल जाते. हिला, काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, तुझ्या नावाने पाठवली: 'माझ्या डोळ्यांचा रिपोर्ट आला आहे. कृपया बघून सांग.' आणि पठ्ठीने सोबतचा रिपोर्ट उघडला की गं! मीटिंगला आली ती बसायच्या आधीच म्हणाली, "सकाळी माझ्याकडून चूक झालीये. खोट्या मेलमधली फाइल उघडली. खातं बंद केलंय, गिऱ्हाइकांना कळवलंय." साहेब खूश, एकमताने पैसे मंजूर! मी असा फुगलो की जिन्यातच तिला सांगून टाकलं, मेल मामाची होती म्हणून.

ताई, पोरगी ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "मामा, खोटी आहे हे वाचल्या वाचल्या कळलं होतं मला. आई जन्मात कधी कृपया म्हणालीये? पण म्हटलं, खरंच डोळ्यांचं काही असलं आणि मी रिपोर्ट उघडलाच नाही तर?" आणि उतरून गेली. तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही.

तुझा लाडका (अजून असलो तर),
धाकटा

ता. क. आत्ताच तिचा निरोप आला: 'आईचा रिपोर्ट खरा करून आण, मग बोलेन.' तू डोळे दाखवायचं टाळतेस आणि सुईत दोरा भावजींकडून ओवून घेतेस, हेही तिच्याकडूनच कळलं. जगाची बिंगं शोधणाऱ्या मला सख्ख्या बहिणीचं एवढं ठाऊक नसावं!

आणखी एक. शनिवारी सकाळी गाडी घेऊन येतो. डॉक्टरांकडे जायचंय. तयार राहा.

कृपया.