पिवळी टोपी

गोंदिया, ऑक्टोबर २००९, मंगळवार संध्याकाळ

आज आसारामबाबा आयसीयूतून बाहेर गेले. व्हीलचेअरवर, पण भांडत भांडत. "भातात मीठ काऊन नाही?" किती गोड वाटलं ते भांडण!

शनिवारी हेच बाबा ताटाकडे बघतसुद्धा नव्हते. अर्जुनी मोरगावचे म्हातारे शेतकरी, न्यूमोनिया झालेला. मला म्हणाले, "सिस्टर, तुमची टोपी पिवळी काऊन दिसून राहिली?" डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू असेल. पण आदल्या दिवशी पांढरी दिसणारी टोपी एका रात्रीत पिवळी? वर उलट्या, आणि नाडी पंचेचाळीस. मोतीबिंदूने नाडी कशी उतरेल?

बोलू की नको? माझी नोकरी जेमतेम दीड वर्षाची. शेवटी कपाटातलं औषधांचं जाड पुस्तक काढलं. बाबांची घरून चालू असलेली हृदयाची गोळी आणि आम्ही सुरू केलेलं अँटिबायोटिक, दोन्ही सोबत दिली की गोळी अंगात साचत जाते. नाडी मंदावते, सगळं पिवळं दिसतं. पान उघडं धरूनच डॉक्टरांपुढे गेले. त्यांनी वाचलं, गोळी लगेच थांबवली, अँटिबायोटिक बदललं. काल बाबांना टोपी पांढरी दिसली.

आणि आज राउंडला नव्या पेशंटचं औषध लिहिता लिहिता डॉक्टर थांबले. सगळ्यांसमोर विचारलं, "सिस्टर, याच्या घरच्या गोळ्या कोणत्या?" मी सांगितल्या, अगदी शांतपणे. मग स्कूटीवरून घरी येईपर्यंत मोठमोठ्याने गात आले. बेसूर.